चढाई सुरू असताना

काका गेले त्या दिवशी जो तो ग्रुपवर "आवाज हरपला" असं लिहीत होता. मला रडू येत होतं आणि रागही. अरे, आवाजाचं काय घेऊन बसलात? घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत माईक हातात धरायला टपलेले ढीगभर आहेत. काका मोठे होते ते नेमक्या वेळी गप्प बसत म्हणून.

आमच्या भागातल्या कबड्डीच्या स्पर्धांचं समालोचन वर्षानुवर्षं त्यांनीच केलं. चढाईला जाणाऱ्या मुलीने मध्यरेषा ओलांडली, की काका माईक मांडीवर ठेवत. ती "कबड्डी कबड्डी" म्हणत समोरच्यांच्या अंगणात असेपर्यंत अवाक्षर नाही. सगळं मैदान त्यांच्याबरोबर शांत व्हायचं. ती परत आली, की मग मघापासून दाबून धरलेलं सगळं भडाभडा बाहेर. मी डाव्या कोपऱ्यात खेळायचे. एकदा मी सलग दोन पकडी केल्या तेव्हा ते म्हणाले होते, "ह्या कोपऱ्यात येणाऱ्यांनी आधी घरी सांगून यावं." त्या एका वाक्यावर मी वर्षभर हवेत होते.

मधेच गप्प का होता, असं मी त्यांना विचारलं होतं. काका माईकवर शुद्ध बोलत, खाली उतरले की मालवणी. "अगो, माझो आवाज भोंग्यातलो, तुझो दम नाकातलो. दोनय एकदम चालले तर पंचाक काय ऐकाक येतला?"

पुढे मीच पंच झाले तेव्हा ह्याचा अर्थ कळला. चढाई एका श्वासात करायची, दम तुटला की बाद, हा ह्या खेळाचा प्राण आहे. आता चढाई सुरू झाली की डीजे सुरू होतो. त्या धडधडाटात पंचाला स्वतःची शिट्टी ऐकू येत नाही, तिथे दम कुठला? पोरी हुशार, त्यांनी हे केव्हाच ओळखलंय. नुसते ओठ हलवतात आणि मजेत श्वास घेतात. दिसतं, पण ऐकल्याशिवाय बाद कसं देणार?

काकांच्या नावाची स्पर्धा ठरली तेव्हा मुलींच्या अंतिम सामन्याला पंच म्हणून मला बोलावलं. गेले तर मैदानाच्या दोन्ही टोकांना माणसापेक्षा उंच स्पीकर. मी मंडळाच्या अध्यक्षांना सरळ सांगितलं, "चढाई सुरू असताना गाणं नाही, बोलणं नाही."

"मॅडम, पब्लिक बोर होईल ना! फायनल आहे यार, शोकसभा नाही."

"बॅनरवर फोटो कुणाचा लावलाय? त्यांच्या नावाने खेळवताय तर त्यांच्या पद्धतीने खेळवा. नाहीतर मी शिट्टी वाजवणार नाही."

"मग दुसरा पंच बघावा लागेल."

"बघा की."

त्यांनी माझ्या जोडीला असलेल्या पंचाकडे पाहिलं. त्याने शांतपणे शिट्टी खिशात टाकली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढली. माझ्या हट्टीपणापुढे घरच्यांनी कधीच हात टेकलेत, अध्यक्षांची पहिलीच वेळ होती. लोक ओरडायला लागले, मुली मॅटवर बसकण मारून गंमत बघत राहिल्या, आणि शेवटी अध्यक्षांनी डीजेवाल्याला हात दाखवून गाणं बंद केलं.

एक गोष्ट मला ठाऊक होती. आमच्या घाटकोपरच्या संघातून काकांची नात खेळत होती. वाऱ्यासारखी पोर, पण डीजेच्या काळात वाढलेली. दम तिचा कच्चा.

सामना संपत आला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. नात चढाईला गेली. उजव्या कोपऱ्यातलीला पाय लावला, गर्रकन वळून मधलीला हात लावला, आणि त्या वळणावर "कबड्डी"चा धागा तुटला. एक श्वास आत गेला, मला स्वच्छ ऐकू आला. ती रेषेपार परतून उड्या मारत होती, मैदान डोक्यावर घेतलं होतं लोकांनी, आणि मी हात वर करून तिला बाद दिलं.

मग काय, वाट लागली माझी. "पंच बहिरी आहे!" "हिला हाकला रे!" ज्यांच्या नावाची स्पर्धा, त्यांच्याच नातीला बाद! अध्यक्ष धावत पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंकडे गेले, आणि माईक त्यांच्या तोंडासमोर धरून म्हणाले, "काकू, तुम्हीच सांगा ना ह्यांना."

काकांच्या मागे काकू प्रथमच घराबाहेर पडल्या होत्या. त्या उठल्या, पदर सारखा केला. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं.

"माका हयसून ऐकाक इला," त्या म्हणाल्या. "दम तुटलो तिचो."

नातीने आजीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि बाद झालेल्यांच्या जागी जाऊन बसली. माझे डोळे भरले. काका गेल्यापासून मी जे दात आवळून धरलं होतं ते सुटू पाहत होतं. पण सामना संपला नव्हता. मी नाक पुसलं, समोरच्या मुलुंडच्या संघाला गुण दिला आणि शिट्टी वाजवली.

आता चढाई मुलुंडची होती. त्यांची मुलगी मध्यरेषा ओलांडून आमच्या अंगणात शिरली, आणि मघाशी मला हाकलायला निघालेल्या घोळक्यातून कुणीतरी शेजारच्याला दटावलं, "ए गप रे, दम ऐकू दे."