इंजिनाचं लाल पॅटर्न

आमची वसाहत फौंड्रीच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेली. मंगळवार पेठेत जायचं तर आम्ही अजून "गावात जाऊन येते" म्हणतो. घरं बांधली तेव्हा खाली उसाची चिखलट रानं होती, म्हणून फौंड्रीतनं फुकट मिळणारी जळकी काळी वाळू ट्रॉल्या भरभरून आणून सगळ्यांनी भराव टाकला. आजही अंगणात खुरपं घातलं की काळं निघतं. चारदा कढीपत्ता लावून बघितला, एक जगला नाही. फौंड्री बंद पडली, भोंगा थांबला, वाळू काही कुठं गेली नाही.

आमचे हे तिथं पॅटर्न करायचे. पॅटर्न म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या लेकीलाही धड माहीत नाही. लोखंडाची जी वस्तू पाहिजे, तशीच हुबेहूब आधी लाकडाची करायची. ती वाळूत दाबून अलगद काढून घ्यायची आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. रस थंड होताना आकसतो, म्हणून लाकडाचं माप जरा वाढवून धरायचं. त्यासाठी ह्यांची पट्टीच वेगळी, तिच्यातला इंच आपल्या इंचापेक्षा किंचित मोठा. आमच्या घराचं दार ह्यांनी हौसेनं स्वतः केलं, तेही त्याच पट्टीनं मापून. गवंड्यानं चौकट बसवलेली साध्या टेपनं. दार काही चौकटीत जाईना. गवंडी म्हणाला, "मिस्त्री, दार थंड हू दे तुमचं, मग बसतंय." वसाहतीत अजून हसतात.

दिवाळी झाली आणि फौंड्री पाडायला माणसं आली. तिथं आता फ्लॅट होणार. तोवर ह्यांना दम एवढा लागायला लागलेला की कॉटपासून मोरीपर्यंत जाताना मध्ये एकदा बसायचं. डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ बसलीय, ती निघत नसते. हे जन्मात कधी काही मागणारे नव्हेत. पण जेसीबीचा आवाज ऐकला आणि मला म्हणाले, "माझं इंजिनाच्या बॉडीचं पॅटर्न तेवढं घिऊन ये. फौंड्रीच्या माळ्यावर आसंल. मी हाय तवर घरात ऱ्हाऊ दे, बास."

ते पॅटर्न ह्यांनी ड्रॉइंग नसताना केलेलं, जुनं इंजिन समोर ठेवून. त्याच्यावरनं निघालेली इंजिनं पार आजऱ्यापर्यंत विहिरींवर चालली. मी लेकीला घेऊन गेले. वॉचमन जुना, ओळखीचा. म्हणाला, "न्या काकू, काय पाहिजे ते न्या. परवा समदं मोकळं हुतंय." माळ्यावर धुळीत लाल रंगाचं, परातीएवढं लाकूड सापडलं, त्यावर ह्यांच्या हातचा नंबर. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूची गोलाई इतकी सुरेख की मी पदरानं पुसलं. स्कूटीवर दोघींच्या मध्ये धरून आणलं.

ह्यांच्या मांडीवर ठेवलं. ह्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. मग उलटं केलं आणि सपाट बाजूच्या भोकात बोट घातलं.

"दुसरं?"

"दुसरं कुठलं?"

"आगं, जोडी असती की. ह्ये खालचं. वरच्याला पिना हायत्या, त्या ह्या भोकात बसत्यात."

चाळीस वर्षं त्या माणसाचे काळे कपडे धुतले, आणि पॅटर्न दोन भागांत असतं एवढं मला ठाऊक नव्हतं. हे रागावले नाहीत. रागवायलाही दम लागतो. "तुझी काय चूक," म्हणाले, "म्याच कधी सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. माळा रिकामा. वॉचमन म्हणाला, "सकाळी एक पावणं टेंपो घिऊन आलतं. रंगीत रंगीत तेवढी निवडून न्हेली. पन्हाळ्याच्या रस्त्याला हाटेल काढलंय म्हणं."

आठवड्याभरानं लेकीला सवड झाली, तेव्हा आम्ही ते हॉटेल गाठलं. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर दात्यांची चाकं, कप्प्या, आणि त्यांच्यात आमचं लाल, त्यावर तोच नंबर. मधोमध जाड बोल्ट मारलेला. मॅनेजर पोरगा चांगला होता, आधी पाणी दिलं. म्हणाला, "आज्जी, ते काढायचं न्हाई, आमची सजावटच तशी हाय. लोक फोटो काढत्यात."

लेक म्हणाली, "माझ्या वडलांनी केलंय ते."

"व्हय? मग त्यास्नीबी आणा की. फोटो काढू, जेवाण आमच्याकडनं."

लेक भांडायच्या बेतात होती, मी तिचा हात धरला. भांडून काय सांगणार? त्यांनी रीतसर घेतलेलं. आणि तसं बघितलं तर ते आमचं तरी कुठं होतं? लाकूड कारखान्याचं, पगार कारखान्याचा. ह्यांचे नुसते हात.

येताना ठरवलं होतं की खोटं सांगायचं. पण समोर बसल्यावर जमेना.

"कशानं लावलंय?" ह्यांनी विचारलं.

"बोल्टानं."

"कुठनं?"

मी मांडीवरच्या लाकडावर मधोमध बोट ठेवलं. ह्यांनी त्या जागेवर आपला अंगठा टेकवला. मग म्हणाले, "ह्येबी दिऊन टाक त्यास्नी. एकटं ठेवून काय करायचं? निदान दोन्ही एका जागी ऱ्हातील."

मी अजून दिलेलं नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळून कॉटखाली ठेवलंय. चार दिवस गेले की विचारतात, "दिलीस काय?" मी म्हणते, लेकीला सवड झाली की जाते. लेक म्हणते, अजिबात द्यायचं नाही. दोघांचंही मला पटतं.

काल त्या मॅनेजरचा फोन आला, लेकीनं माझा नंबर देऊन ठेवलेला. आणखी एखादं लाकूड हाय का, म्हणाला. वरच्या मजल्यावर नवा हॉल झालाय, तिथली भिंत मोकळी दिसतीया.

मी विचारलं, "खालच्याच भिंतीला न्हाई का बसायचं, त्याच्या शेजारी?"

"तितं जागा न्हाई, आज्जी."

मी फोन ठेवला. आतनं ह्यांनी विचारलं, "कुणाचा हुता?"

"राँग नंबर," मी म्हणाले, आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.