शेजारच्या गॅलरीतला अभंग

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आहे हे धरूनच मी त्याच्यावर रुसले होते. ज्या माणसाने मिसरूड फुटल्यापासून त्याचं नाव गायलं, त्याचीच वाचा त्याने का न्यावी, एवढंच मला विचारायचं होतं. पण विचारायला तरी कुठे जायचं? अंबाजोगाईला योगेश्वरीच्या देवळापर्यंत जायचे, पायरीवर बसायचे आणि आत न जाताच बसस्टँडकडे वळायचे. घरातला दिवा सूनबाई लावायची. मी हात जोडायचे, पण ते सवयीने.

आमच्या मालकांना लकवा झाला तो पेरणीच्या दिवसांत. आम्ही धर्मापुरीचे. घरची शेती, बारमाही विहीर, मुलगा विकास परळीला नोकरीला. तसं पाहिलं तर कशाची ददात नाही. मालकांची गावात ओळख मात्र शेतीची नव्हती, गळ्याची होती. सोमवारी महादेवाच्या जुन्या देवळात भजन असायचं. त्यांनी वरचा सूर लावला की रस्त्याने जाणारा माणूस दारात थांबायचा. अभंगातला एक शब्द कुणी इकडचा तिकडे केला तर ते भजन थांबवून दुरुस्त करायचे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं. पाय हळूहळू टेकायला लागला, उजवा हात थोडा उचलायला लागला. वाचा काही आली नाही. तोंडातून एकच शब्द यायचा, "तेच". पाणी पाहिजे असलं तरी "तेच", कंबर दुखत असली तरी "तेच तेच". समोरच्याचं सगळं त्यांना समजायचं. काय बोलायचं तेही डोक्यात असायचं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. पण जिभेवर यायचं ते तेवढंच. आपल्या तोंडून भलतंच बाहेर पडलं हे त्यांनाही कळायचं, आणि मग ते तोंड फिरवून घ्यायचे.

डॉक्टर म्हणाले होते, सराव करा, धीर धरा. आम्ही केला. "आ म्हणा, आई म्हणा" असं लहान लेकरासारखं शिकवायला लागले की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पुढे त्यांनी सराव सोडला. भजनी मंडळातली माणसं भेटायला आली की पांघरूण ओढून पडून राहायचे. दिवाळीनंतर जेवण कमी झालं, आणि एक दिवस त्यांनी औषधाची गोळी माझ्या हातातून घेतली आणि खिडकीबाहेर टाकली. माझ्याकडे बघून मान हलवली. बोलता येत नसलं तरी मला कळलं, की हा माणूस आता जगायचं नाही म्हणतो आहे.

विकासने सहलीचं काढलं ते त्यानंतर. "आई, आप्पाला जरा भाईर काढू. गाडी हाय, मला सुट्टी हाय. हंपीला जाऊन येऊ, चांगल्या हाटेलात ऱ्हाऊ. चार भिंतीत बसून माणूस अजून खचतंय."

मला ते मुळीच पटलं नाही. हॉटेलात राहणं म्हणजे आमच्या घरात मुलांची हौस. आम्ही दोघं जायचो ते लग्नाला नाहीतर देवाला, आणि मुक्काम भक्तनिवासात. त्यात अशा माणसाला घेऊन चारचौघांत जायचं. पण सूनबाईने त्यांचे धुतलेले कपडे बॅगेत भरले आणि त्यांनी नाही म्हटलं नाही, म्हणून निघालो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागून हळूहळू गाडी. सोलापूर, विजापूर करत होस्पेटला पोचलो तेव्हा दिवस कलला होता.

हॉटेल मोठं होतं. दारात पाण्याचं कारंजं, आत गुळगुळीत फरशी. विकासने फोनवर तळमजल्याची खोली सांगून ठेवली होती, वडिलांना चालायचा त्रास आहे म्हणून. काउंटरवरचा माणूस हिंदीत म्हणाला, तळमजल्यावर लग्नाची मंडळी उतरली आहेत, तुम्हाला वरच्या मजल्यावर मागच्या बाजूच्या खोल्या देतो, लिफ्ट आहे. मी आयुष्यात इतकी कुणाशी भांडले नसेन. "माणूस धड चालत न्हाई, आन् तुमी वर कावून पाठवता?" त्याला मराठी कळत नव्हतं, तो बापडा हात जोडत राहिला. शेवटी विकासनेच मला बाजूला घेतलं. वर जाऊन बघितलं तर खोलीला मागच्या अंगाला एक अरुंद गॅलरी, समोर केळीचे मळे आणि त्याच्याही मागे दगडांचे डोंगर. शेजारच्या खोलीची गॅलरी आमच्या गॅलरीला अगदी चिकटून, मध्ये नुसता एक जाळीचा पडदा. मला तेही आवडलं नाही. म्हटलं, बोलायची चोरी आणि बसायचीही.

संध्याकाळी खाली जेवायला गेलो तेव्हा व्हायचं तेच झालं. वाढप्याने आदबीने मालकांना विचारलं, रोटी देऊ की भात? मालक म्हणाले, "तेच." त्याला शब्द कळला नाही; त्याला वाटलं शेजारच्या ताटातला भात पाहिजे. त्याने भात वाढला. मालकांनी मान हलवली, बोट दाखवलं, आणि पुन्हा "तेच, तेच" म्हणाले. आवाज जरा मोठा झाला. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, त्यातली एक पोरगी हसली. तिला काय कळणार? पण मालकांनी ताट सरकवलं आणि भिंतीला धरत धरत एकटेच लिफ्टकडे चालायला लागले. वर आल्यावर गोळी घेतली नाही, पाणी घेतलं नाही. भिंतीकडे तोंड करून निजले.

मी पलंगाच्या कडेला बसले होते. रडूही येत नव्हतं. लकवा झाल्यापासून मी किती मागितलं होतं. साडी बोलले, अभिषेक बोलले, अनवाणी येईन म्हणाले. त्या परक्या खोलीत मला एकदम फार थकल्यासारखं झालं. मी मनात म्हटलं, बाई योगेश्वरी, आता मी मागत नाही. त्यांना न्यायचं असलं तर ने, ठेवायचं असलं तर ठेव. हे तुझं आहे, मला उचलत नाही. एवढं म्हटलं आणि झोप लागली. कित्येक दिवसांनी अशी झोप लागली होती.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. मालक गॅलरीत खुर्चीवर बसले होते आणि पलीकडच्या गॅलरीतून कुणीतरी गात होतं. बायकी आवाज, वयस्कर, पण सुराला पक्का. मी उठून जवळ गेले आणि चमकले. गाणं मराठी होतं. आमच्याकडे भजनात नेहमी होणारा अभंग, मालकांच्या फार आवडीचा. शब्दांचे उच्चार मात्र वेगळेच, कानडी माणूस बोलतो तसे. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या पहिल्या ओळीवर ती बाई अडली. पुन्हा मागून ओळ घेतली, पुन्हा तिथेच थांबली. तिला पुढची ओळ आठवत नव्हती. तिसऱ्यांदा तिने तीच ओळ घेतली, आणि पुढची ओळ आली.

मला वाटलं, तिलाच आठवली. पण आवाज पुरुषाचा होता. मला वाटलं विकास, पण विकासला गाता येत नाही. मग मी खुर्चीकडे बघितलं. मालकांनी डोळे मिटले होते. डावा हात मांडीवर ताल धरत होता. आणि ओळ त्यांच्या तोंडातून येत होती. सबंध, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता. आवाज घोगरा झाला होता, पण तो त्यांचाच आवाज होता. मी गॅलरीच्या उंबऱ्यात बसून घेतलं.

पलीकडून त्या बाईने तीच ओळ त्यांच्या मागून म्हटली. मालकांनी पुढची दिली. तिने ती घेतली. असं करत दोघांनी अभंग शेवटपर्यंत नेला, आणि शेवटाला मालकांनी सूर वर चढवला, आमच्या देवळात चढवायचे अगदी तसा. तोपर्यंत विकास आणि सूनबाई धावत आले होते. विकास तिथेच कपाटाला टेकून लेकरासारखा रडत होता.

जाळीचा पडदा बाजूला सारून ती बाई पुढे आली. पांढरे केस, कपाळाला मोठं कुंकू. म्हैसूरकडची, लेकीच्या कुटुंबाबरोबर हिंडायला आलेली, नाव शारदम्मा. मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये अभंग मेरे पिताजी गाते थे. अर्थ मुझे नहीं आता. वो चले गये, और ये लाइन भी मुझसे चली गयी. कितनों से पूछा." मग मालकांना हात जोडून म्हणाली, "आज आपने दे दी." तिला काही माहीतच नव्हतं. तिच्या लेखी मालक हे शेजारच्या खोलीतले एक चांगले गवई होते. सुनेने तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला.

विकासला धीर निघेना. तो खाली बसला, मालकांचे गुडघे धरून म्हणाला, "आप्पा, बोला की. मला हाक मारा." मालकांनी तोंड उघडलं. "तेच," ते म्हणाले. पुन्हा जोर केला. "तेच... तेच." आणि त्यांचा चेहरा उतरायला लागला.

मी आयुष्यात घराबाहेर मोठ्याने कधी गायले नाही. पण त्या वेळी मला वाटलं, की गाण्याच्या दारातून शब्द आला आहे, तर त्याला बोलण्याच्या दाराशी कशाला ओढायचं? हे मला कुणी सुचवलं, ते मी सांगू शकत नाही. मी त्या अभंगाच्याच चालीवर म्हटलं, "चहा घेता का, मालक, चहा घेता का?" सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. मालकांनीही बघितलं. मग ओठ हलले, आणि त्याच चालीवर, त्याच ठेक्यात ते गायले, "घेतो... चहा घेतो."

आम्ही नाश्त्याला खाली गेलो ते सगळे मिळून, शारदम्मासुद्धा. तोच हॉल, तीच टेबलं. रात्रीचा वाढपी भीत भीत आला. मालकांनी त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि चालीवर लावून सांगितलं, की मला भाकरी दे रे, भाकरी दे. भाकरी तिथे जोळद रोट्टी म्हणून मिळते, ज्वारीचीच. भाकरी हा शब्द त्याच्या डोक्यावरून गेला, पण शारदम्माने कानडीत सांगितलं आणि तो पळतच गेला. पलीकडच्या टेबलावरची माणसं आजही बघत होती. बघू देत म्हटलं. मला तर वाटत होतं साऱ्या हॉटेलने उठून बघावं. मालकांनी रोट्टी खाल्ली, वर गोळी मागून घेतली. तीसुद्धा गाऊन.

मग हंपी बघितली. दगडी रथ बघितला, नदीत गोल टोपलीच्या होडीत बसलो, सूनबाईने फोटो काढले. देवळाच्या एका ओसरीत मालक आणि शारदम्मा पुन्हा गायले तेव्हा परदेशी पाहुणे गोळा झाले आणि मालक जरा जास्तच आलापी करायला लागले. मी म्हटलं, आता हे बरे झाले. परत निघताना काउंटरवरच्या त्या माणसापुढे मी हात जोडले. त्याने मला हवी ती खोली दिली असती तर आम्ही तळमजल्यावर लग्नाच्या बँडजवळ झोपलो असतो.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते फार आनंदले. म्हणाले, गाणं मेंदूत वेगळ्या वाटेने चालतं, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं उरतं, आता याच वाटेने सराव करा. मला ते पटलं. मी त्यावर वाद घालत नाही. डॉक्टरांनी वाट सांगितली ती खरीच असणार. पण त्या वाटेवर शारदम्माला तिची हरवलेली ओळ घेऊन बरोबर आमच्या जाळीपलीकडे कुणी बसवलं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता मालक बोलतात. सावकाश, मध्ये अडत, अवघड शब्दाला थोडी चाल लावत. सोमवारी देवळात पहिल्यासारखे पुढे बसतात आणि चुकलेल्याला थांबवून दुरुस्त करतात. भजनी मंडळाला त्याचाही आता राग येत नाही. मी पुन्हा दिवा लावते, आणि योगेश्वरीच्या पायऱ्या चढून आत जाते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही दोघं अधूनमधून दवाखान्यातल्या लकव्याच्या पेशंटांना भेटायला जातो. परवा गेवराईकडची एक बाई नवऱ्याजवळ बसली होती. तरणाबांड गडी, ऊसतोडीला गेला होता, तिथेच वाचा गेली. आमची हकीकत ऐकून तिने माझा हात धरला. "मावशी, तुमी कोणता नवस केलता? मीबी करते."

मी म्हटलं, "न्हाई गं बाई. मागून मागून थकले, आन् मग योगेश्वरीवर सोडून दिलं. फुडं कसं झालं, हे तिलाच ठावं."

मालक पुढे झाले. त्या गड्याच्या खांद्यावर हात ठेवून बाईला म्हणाले, "याला... गाणं... कोणतं आवडतं, सांग."

ती लाजली. "देवाधर्माचं काय बी येत न्हाई त्याला, काका. लावण्या लई आवडायच्या."

मालक हसले. "चालंल," म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसले. मग त्या वॉर्डात, सलाईनच्या बाटल्यांखाली, जन्मभर देवळात गाणाऱ्या माझ्या माणसाने एक फडातली लावणी धरली. नर्सबाई दारात थांबल्या. पहिल्या ओळीला त्या गड्याचे डोळे उघडले. दुसऱ्या ओळीला ओठ हलले. तिसरी ओळ मालकांनी मुद्दाम अर्ध्यावर सोडली आणि वाट बघत राहिले, आणि मीही डोळे मिटून, काहीही न मागता, वाट बघत राहिले. ओळ पुरी झाली.