स्टेशनच्या भिंतीवरचा गोरा साहेब

गावाकडच्या मंडळींनो, दुपारी आपल्या स्टेशनवर गेले होते. राग अजून उतरलेला नाही.

तिथे भिंतीवर 'आमच्या स्टेशनचा इतिहास' रंगवणं चालू आहे. चित्रातला स्टेशनमास्तर गोरापान, निळ्या डोळ्यांचा, डोक्यावर साहेबी हॅट!

मी रंगाऱ्याला म्हटलं, "दादा, इथे माझे बाबा मास्तर होते. सावळे, कानाला मफलर गुंडाळलेले. मी जालन्याच्या कॉन्व्हेंटला जायचे ती गाडी त्यांच्याच हिरव्या निशाणाने सुटायची."

तो हसला. "मावशी, मोबाइलवर शोधलं तवा असाच मास्तर आल्ता. बाबांचा फोटो हाय का? बराबर तसाच काढतो."

फोटो नाही. बाबांनी आयुष्यात एकच काढला होता, ओळखपत्रावरचा. ते ओळखपत्र निवृत्तीच्या दिवशी त्यांनी रेल्वेकडे जमा केलं.

"न्हाई? मंग ह्यालाच जरा सावळा करून देतो, तुमच्यासाठी."

आणि खरंच त्याने साहेबाच्या गालांवर तपकिरी रंगाचा हात फिरवला. डोळे निळेच राहिले.

तुमच्यापैकी कुणाकडे आपल्या फलाटावर काढलेला जुना फोटो आहे का? लग्नाच्या वऱ्हाडाचा, सहलीचा, कसलाही चालेल. मागे कुठेतरी माझे बाबा उभे असतील. रंग वाळायच्या आत पाठवा.