भिंतीवरचा कागद वाचणारे दाऊदसाहेब

मंडळी, इथे दोह्यात तुमच्यापैकी निम्म्यांना राहण्याचा परवाना कधी संपतो ते आठवत नाही, पासपोर्ट कुठल्या बॅगेत आहे तेही नाही. ते सगळं दाऊदसाहेबांनी लक्षात ठेवायचं. ते आता साठ वर्षांचे होणार, एवढं तरी तुम्हाला आठवलं, शुक्रन! मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते, चुका तिच्या.

दाऊदसाहेब श्रीवर्धनकडचे. इथल्या अल नस्र भागात त्यांचं अरबी टायपिंगचं दुकान. तिथे मी पहिल्यांदा गेले ती रडतच, दोहा एशियाडच्या आदल्या वर्षी. माझा मुलगा याकूब अल रुवैस बंदरात मासेमारीच्या बोटीवर कामाला. तरुणपणी धक्क्यावर जाळ्यावरून त्याने मारामारी केली, एकाचा हात मोडला, दोन महिने तुरुंगात काढले. आम्हाला वाटलं, प्रकरण खलास. सात-आठ वर्षांनी परवाना वाढवायला गेला, तर ती जुनी केस वर आली. देशाबाहेर पाठवायच्या माणसांच्या कोठडीत त्याला तिथूनच नेलं.

"साहेब, कुणी जामीन राहिलं तर?"

"खाला, इथे जामीन नाही. निकाल लागेपर्यंत आत, आणि निकाल उलटा लागला तर आतून थेट विमानात. खोटा धीर देऊन तुम्हाला घरी पाठवणार नाही."

असे हे स्पष्ट बोलणारे. पण बोलता बोलता स्वतःची खुर्ची मला दिली आणि स्वतःचा चहाही.

हात मोडलेल्या माणसाने पुढे कोर्टात लेखी माफी दिली होती, पण तो कागद हरवला, असं याकूबने आतून कळवलं. असा कागद घरात नाही, हे मी शपथेवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेब याकूबचे कपडे न्यायला घरी आले. दिवाणखान्यात माझी एक चौकट होती. याकूबच्या जुन्या शर्टाच्या खिशात अरबी कागद मिळाला, तो मी कुराणातला पाक कलाम समजून मढवून घेतला होता. रोज लोबान दाखवायचे. याकूबसुद्धा शुक्रवारी आला की तिला हात लावून डोळ्यांना लावायचा. कुराण म्हणता येतं, पण कोर्टाचं अरबी त्याला कुठलं कळायला!

साहेब चौकटीसमोर उभे राहून वाचत राहिले. मला वाटलं, काय नेक माणूस!

मग हळूच म्हणाले, "खाला, ही दुआ थोडे दिवस कोर्टात नेऊ का?"

"न्या. पण आधी हातपाय धुऊन, वुजू करून हात लावा."

आणि त्यांनी खरंच वुजू केलं. हसू ओठांवर आणलं नाही, पुढे कुणाजवळ बोललेही नाहीत. आज मीच सांगते आहे.

माफीचा तो कागद दाखवला तरी याकूब लगेच सुटला नाही. बावीस दिवस आतच होता. साहेब दुकान बंद ठेवून कचेरीत बसायचे. शेवटी त्याला देशाबाहेर काढायचा हुकूम रद्द झाला. याकूब आजही रुवैसलाच आहे, आणि जाळ्यावरून भांडण दिसलं की लांबून जातो.

सगळ्यांचं असं होत नाही. ज्यांचा कागदच नसतो ते जातात. त्यांच्या खोलीवरची बॅग भरून आणणारे आणि गावी फोन करणारेही साहेबच.

अल्लाह त्यांना उदंड आयुष्य देवो, गुडघे शाबूत ठेवो. कचेऱ्यांचे जिने बरेच आहेत. वाढदिवसाला त्यांच्याकडे केक पाठवू नका, त्यांना साखर आहे. त्या दिवशीही ते कोठडीवरच जाणार. तेव्हा दुकानात खजूर आणि बिस्किटं पाठवा, आतल्या लोकांसाठी. पाकिटं बंद हवीत. घरची बिर्याणी नको, ती दारावरून परत येते. माझे तीन डबे आले आहेत.