मिसेस हॉकिन्सना दिलेला शब्द

मी गाव सोडलं त्या दिवशी बैलबाजार होता. वडील बैलांचे दलाल. उपरण्याखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवायचे. बाजारातूनच ते तसेच एस.टी. स्टँडवर आले, धोतराला शेण लागलेलं. अमेरिका किती लांब, हे त्यांनी विचारलं नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "खोड सांगून बैल विकावा. लपवून विकला की पुढच्या बाजारात तोंड दाखवता येत नाही." मी इंजिनिअर व्हायला निघालो होतो. मला वाटलं, याचा माझ्याशी काय संबंध?

इलिनॉयमध्ये एमएस करताना मला कॅम्पसवर काम मिळालं: फुटबॉल टीमच्या सामन्यांच्या फिल्म लावायच्या आणि समोरच्या टीमचे डाव कागदावर उतरवायचे. इथला फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी आडवं पाडायचं. मी शाळेत खो-खो खेळलेलो. हूल देऊन खांबाशी कसं वळायचं, हे पायांना पाठ होतं. एका दुपारी टेबलं बाजूला सरकवून मी ते हेड कोचला करून दाखवलं. तो हसला नाही, "पुन्हा कर" म्हणाला. ऐंशी साल उजाडलं तेव्हा मी त्याच कॉलेजात ऑफेन्सचा असिस्टंट कोच होतो. आपल्याकडे चेंडू असताना कोणी कुठून पळायचं, ते शिकवणारा.

गणपतीला शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "म्हणजे पी.टी.चे मास्तर ना रे? घरी काय लिहितोस?" मी भरलं ताट ठेवून निघून आलो. राग आला तो त्या खरं बोलल्याचा. घरी मी 'युनिव्हर्सिटीत शिकवतो' एवढंच लिहीत होतो.

पण माझं खरं कसब मैदानाबाहेरचं. हायस्कूलची चांगली पोरं आपल्या कॉलेजात आणायची तर कोचने त्यांच्या घरी जाऊन आईबापांना पटवायचं असतं. त्याला रिक्रूटिंग म्हणतात. दलालाच्या पोराला ते कोण शिकवणार? बाप कशाला भुलतो, आई कुठे नरम पडते, मला सोफ्यावर बसता बसता कळायचं.

रॉय हॉकिन्स दक्षिण इलिनॉयमधल्या एका लहान गावातला. असा पळणारा मुलगा मी पाहिला नव्हता. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला, वडील नव्हते. बाकीच्या कोचनी तिला स्टेडियमचे फोटो दाखवले होते. मी डिग्रीचं बोलायला लागलो, तर तिने हात वर केला.

"कॉलेज राहू द्या. तुम्ही किती दिवस आहात तिथे?"

"जोवर रॉय आहे तोवर मी आहे, मॅम."

"हे सगळ्यांनाच सांगता?"

"नाही. तुम्हालाच."

"मॉम, सोड ना आता त्यांना," रॉय म्हणाला.

"तू गप्प बस. बाकीचे दोघं तर माझ्याकडे न बघताच बोलत होते."

त्या आठवड्यात मी हे वाक्य चार घरांत बोललो होतो. दुसऱ्या दिवशी रॉयने आमच्या कॉलेजात यायच्या कागदावर सही केली. सही खेळाडूची असते. तो बांधला जातो. कोच मोकळा.

पुढच्याच वर्षी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची जागा रिकामी झाली. म्हणजे चेंडूच्या सगळ्या डावांचा मुख्य. ती माझी होती. हेड कोचने ती जावयाला दिली, आणि मी खो-खोतून काढलेला डाव त्या जावयाच्या नावाने पेपरात आला. माझ्यावर अन्याय झाला, हे मी आजही म्हणेन. सगळ्यांसमोर क्लिपबोर्ड भिंतीवर आपटला, हेड कोचला नको ते बोललो, आणि महिन्याभरात तीन राज्यं पलीकडच्या एका कॉलेजशी सौदा पक्का केला. चांगला सौदा केला. पोरांना ते पेपर वाचून कळलं.

पुढे परत येऊन शिकागोजवळ नेपरव्हिलला घर केलं, तिथल्या मित्रमंडळींत मी ही गोष्ट इथवरच सांगत आलो. लोक म्हणायचे, "बरोबर केलंस यार, आपल्या माणसाला हे लोक वर येऊ देत नाहीत." मी मान डोलवायचो.

पुढचं सांगत नव्हतो. उन्हाळ्यात रॉयचा फोन आला. नव्या कोऑर्डिनेटरने त्याला बाकावर बसवलं होतं. कॉलेज बदललं तर नियमाने वर्षभर खेळता येत नाही, तरी तो म्हणाला, "कोच, मी एक वर्ष बसेन. मला तिकडे घ्याल?"

मी म्हटलं, "बघतो. फोन करतो."

केला नाही. माझ्याकडे तोवर त्याच्यापेक्षा वेगवान मुलगा आला होता.

रॉयने दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. आणखी तीन वर्षांनी, जानेवारीत, मी त्या भागात दुसऱ्या एका मुलाला बघायला गेलो होतो. हॉकिन्सांच्या गावाचा फाटा दिसला आणि गाडी वळवली. काय बोलायचं ते मैलभर जुळवत होतो. त्या जावयापासूनच सुरुवात करणार होतो.

तिने दार उघडलं. ओळखलं. दार धरून उभी राहिली.

"घरातली ऊब चाललीय बाहेर," शेवटी म्हणाली. "आत या, नाहीतर जा."

मी उंबरठ्याच्या आत येऊन उभा राहिलो. रॉय कुठे आहे, विचारलं.

"गोदामात. सहाला येतो. आला की गुडघ्याला बर्फ लावतो, लहान भावाला गणित शिकवतो." मग म्हणाली, "त्याने तुमच्यावर राग धरला नाही. तुम्ही फोन करणार आहात, असं वर्षभर सांगत होता मला."

जावयाचं नाव माझ्या ओठांवर होतं. ते मी गिळलं. खाली वाकलो आणि बूट काढायला लागलो. आपली सवय.

ती बघत होती. आवाज चढवला नाही.

"बूट कशाला काढताय, कोच? तुम्ही थोडेच राहणार आहात?"

गावाकडे आलो की तुम्ही मंडळी मला विचारता, आता घर कुठलं? मी नेपरव्हिलचा पत्ता सांगतो. पण घर हा शब्द आला की मला ना तो पत्ता आठवतो, ना आपलं गाव. मिसेस हॉकिन्सचा उंबरठा आठवतो, आणि एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, असा उभा असलेला मी.