बादशहाच्या डोक्यावरची कोंबडी

त्या दोन वर्षांत आमच्या घरात मोठ्यानं हसायला मनाई होती. तसा नियम कुणी सांगितला नव्हता, पण आम्ही हसलो की आई आधी दाराकडं बघायची आणि मग आमच्याकडं. निजामी राज्याचे ते शेवटचे दिवस. नांदेडात नदीकडं उतरणाऱ्या एका गल्लीत आम्ही राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून होते. आईचा धाकटा भाऊ नायगावकडं शेती करायचा. एका सकाळी हा मामा शेतावर जातो म्हणून निघाला आणि हद्द ओलांडून वऱ्हाडात गेला. तिथं राज्याविरुद्ध लढणाऱ्यांची छावणी होती.

सरकारी नोकराचा मेहुणा छावणीत आहे हे कुणाला कळलं, तर अण्णांची नोकरी जाईल आणि तेवढ्यावर भागणार नाही, एवढं मला अकराव्या वर्षी समजत होतं. गल्लीच्या तोंडाशी खाकी कपड्यातली, भाले-बंदुका घेतलेली माणसं घोषणा देत जायची. त्यांचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. 'ते' म्हणायचे. ते आले. ते गेले.

मी मुलींच्या सरकारी शाळेत जायची. सगळे विषय उर्दूतून. त्या वर्षी इंग्रजी सुरू झालं आणि ते शिकवायला हैदराबादहून बदलून आलेल्या एक उस्तानी होत्या. उस्तानी म्हणजे बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पांढरी ओढणी, जाड भिंगाचा चष्मा, हातात लाकडी पट्टी. ती पट्टी त्या टेबलावरच आपटायच्या, पण आवाज असा यायचा की तळहात आपोआप मागं जायचे.

इंग्रजीचं पुस्तक कुठं तयार झालं होतं कोण जाणे. ते करणाऱ्याकडं मोजकेच शब्द असावेत आणि त्याच शब्दांत सगळं जग बसवायचं असावं. प्रत्येक वाक्याखाली उर्दूत अर्थ छापलेला. एका धड्यात विचारलं होतं, गाय दौतीत आहे काय? उत्तर होतं, नाही, गाय दौतीत नाही. दुसऱ्यात होतं, माझे वडील बकरा आहेत काय? नाही, माझे वडील बकरा नाहीत. आम्ही चाळीस मुली उभ्या राहून हे एका सुरात म्हणायचो, आणि उस्तानी डोळे मिटून उच्चार ऐकायच्या. कुणाला हसू येत नसे. इंग्रजी म्हणजे असंच काहीतरी असणार, साहेब लोक एकमेकांना असंच विचारत असतील, असं आम्हाला वाटायचं.

मग नववा धडा आला. चित्रात झाडाखाली एक जाडजूड राजा बसलेला, डोक्यावर मुकुट, आणि मुकुटावर एक कोंबडी. खाली वाक्यं: द किंग इज फॅट. द हेन इज ऑन द किंग. विल द हेन गो? नो, द हेन विल नॉट गो. उर्दू अर्थात किंगसमोर छापलं होतं बादशाह, आणि हेनसमोर मुर्गी.

संध्याकाळी मी तो धडा घरी मोठ्यानं वाचत होते. अण्णांना इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून मी अर्थ सांगितला. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चित्र बघितलं आणि ते हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचे दात बघितले. पण लगेच ते उठले, दाराला कडी घातली आणि म्हणाले, "हा धडा मनातल्या मनात वाचत जा."

मी ऐकायला हवं होतं. पण ते हसले याचाच मला इतका आनंद झाला होता की दुसऱ्या दिवशी मी त्या धड्याचं गाणं केलं. मधल्या सुट्टीत फुगडी घालताना म्हणायला. बादशाह बैठा झाड के नीचे, मुर्गी बैठी ताज के ऊपर, जाती क्या? नहीं जाती. उठती क्या? नहीं उठती. दोन दिवसांत वर्गातल्या सगळ्या मुलींना ते पाठ झालं. घरी माझ्या धाकट्या बहिणीला झालं. ती सहा वर्षांची होती.

चौथ्या दिवशी ती बाहेर खेळायला गेली आणि फुटाण्यांनी भरलेली मूठ घेऊन परत आली. आईनं विचारलं, कुणी दिले? ती म्हणाली, कोपऱ्यावर त्यांच्यातला एक जण उभा होता. त्यानं सगळं गाणं ऐकून घेतलं, पुन्हा म्हणायला लावलं, आणि कुणी शिकवलं ते विचारलं.

"मग तू काय सांगितलंस?"

"ताईच्या शाळेत शिकवतात म्हणून सांगितलं."

आईनं तिची मूठ उघडून फुटाणे काढून घेतले आणि परसात उकिरड्यावर नेऊन टाकले. ती रडायला लागली तर तिच्या तोंडावर हात ठेवला. आई तिला रागावली नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी अंघोळीचं पाणी स्वतः तापवलं. चुलीपुढं बसून त्यांनी मामाची दोन पत्रं आत घातली. ती जळेपर्यंत आई उभी होती. तिच्याजवळ भावाचं अक्षर तेवढंच होतं. मी म्हणाले, मी आज शाळेत जात नाही, पोट दुखतंय. अण्णा म्हणाले, "जायचं. तू एकटी घरी राहिलीस तर तूच नजरेत येशील."

तो दिवस गेला. त्याच्या पुढचाही गेला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला अमीनसाहेब वर्गात आले. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. मागं एक शिपाई आणि शाळेच्या मोठ्या बाई. मोठ्या बाईंचा चेहरा पिठासारखा झाला होता. अमीन आवाज न चढवता उर्दूत म्हणाले की शहरात एक गाणं फिरतंय, त्यात आमच्या मालकांची, म्हणजे खुद्द निजामांची, चेष्टा आहे, आणि ते या वर्गातून निघालंय. गाणं कुणी केलं तेवढं सांगा, बाकीच्यांना काही होणार नाही.

कुणी हललं नाही. माझ्या शेजारच्या मैत्रिणीनं बाकाखाली माझं मनगट धरलं. तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. मला वाटलं, आता ही माझं नाव घेणार. मग वाटलं, आपणच उठावं. मी पाय जमिनीवर नीट टेकवले, पण उठले नाही. मी उठले की ते विचारतील, वडील कोण? मग आईचं माहेर कुठलं? नायगावकडचं? तुझा मामा आता कुठं असतो? हे सगळं मला इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की अमीनसाहेब पुढं काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही.

ऐकू आला तो उस्तानींचा आवाज. त्या म्हणाल्या, "गाना मैंने बनाया. लड़कियों को लफ्ज याद नहीं रहते, इसलिए."

अमीनसाहेब त्यांच्याकडं वळले. उस्तानींनी टेबलावरचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढं धरलं. 

"किताब सरकारी है, साहेब. मुर्गी मैंने नहीं बिठाई."

अमीनसाहेबांनी चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खालचा उर्दू अर्थ बोट लावून वाचला. मागचा शिपाई मान लांब करून बघत होता. त्याच्या नाकातून एक आवाज आला आणि त्याचा त्यानं लगेच खोकला केला. अमीनसाहेबांनी वळून बघितलं तसा तो भिंतीला चिकटला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीचे खांदे हलायला लागले. ती रडते की हसते ते मला मागून कळेना. मलाही हसू येत होतं. हसलो असतो तर सगळं संपलं असतं. मी जीभ दातांखाली धरली, इतकी की रक्त आलं.

अमीनसाहेबांनी पुस्तक मिटलं, बगलेत मारलं आणि ते गेले. उस्तानी म्हणाल्या, धडा दहावा. पण दहावा धडा वाचायला पुस्तक त्यांच्याजवळ नव्हतं. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीचं घेतलं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस आम्ही कसे काढले ते सांगता येत नाही. अण्णा कचेरीतून यायला थोडा उशीर झाला तरी आई उंबऱ्यात जाऊन उभी राहायची. मी अण्णांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या बाईंनी तुझ्याकडं बघितलं का?" मी म्हणाले, नाही, एकदाही नाही.  बाईंच्या घरी जाऊन चार शब्द बोलावेत असं अण्णांना फार वाटत होतं. पण गेले असते तर कुणीतरी बघितलं असतं.

मग वरून हुकूम आला. पुस्तक रद्द करता येत नव्हतं, कारण ते सगळ्या राज्यात लागलेलं होतं आणि त्यावर सरकारी शिक्का होता. म्हणून आमच्या शाळेपुरती दुरुस्ती ठरली. किंग आणि त्याच्यासमोरचा बादशाह हे शब्द शाईनं खोडायचे आणि चित्रातली कोंबडी शाईनं झाकायची. मोठ्या बाई स्वतः वर्गात उभ्या राहिल्या. चाळीस मुली दौतीत टाक बुडवून कोंबड्या काळ्या करायला लागल्या. झालं असं की कोंबडी गेली आणि बादशहाच्या मुकुटावर एक भलामोठा काळा गोळा बसला. खाली राहिलं, कोंबडी अमुकवर आहे, कोंबडी जाणार नाही. एका मुलीनं घाबरून उलटंच केलं. तिनं बादशाह काळा केला आणि कोंबडी तशीच ठेवली. मोठ्या बाईंनी ते पान तिच्या पुस्तकातून टर्रकन फाडून काढलं, घडी करून कमरेला खोचलं आणि दाराकडं बघितलं. अगदी आमच्या आईसारखं. 

त्याच आठवड्यात उस्तानींची लातूरला बदली झाली. शिक्षा म्हणूनच ती होती, सगळ्यांना कळत होतं. निघायच्या दिवशी मी त्यांच्या खोलीशी गेले. दारात ट्रंक आणि वळकटी बांधून ठेवली होती. मी म्हणाले, उस्तानी मां, ते गाणं मी... 

त्या म्हणाल्या, "मालूम है, बेटी. तेरी आवाज मैं पहचानती."

मला वाटलं, सगळंच सांगून टाकावं. मी म्हणाले, माझा मामा आहे ना, तो... त्यांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला शाईचा वास होता.

"नक्को. मैं सुनीच नहीं तो कोई पूछा तो बोलूंगी क्या?"

मग हात काढून घेतला आणि ओढणीनं चष्मा पुसत बसल्या. बाहेर टांगा आला होता. मी पाया पडले. त्या मागं सरकल्या, त्यांच्यात तसं पडत नसत बहुतेक, आणि मला अजून ते आठवून अवघडल्यासारखं होतं.

थोड्याच महिन्यांत शाळा बंद पडली. आम्ही लोह्याजवळ अण्णांच्या चुलतभावाकडं जाऊन राहिलो. पुढं भारताची फौज आली, राज्य गेलं, मामा परत आला. वाळून काटकी झालेला, आणि छातीत खोकला घेऊन. एकदा जेवताना आईनं त्याला कोंबडीची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की ढास लागून त्याला पाणी द्यावं लागलं. अण्णाही हसले. दार उघडं होतं आणि कुणी उठून कडी घातली नाही. मी मात्र ताटावरून उठून गेले. मामा माझ्यामागून म्हणत होता, "काहून रुसून राहिली ही?" मला त्याचा राग आला होता. त्याची काही चूक नव्हती.

मी शिकले, मास्तरीण झाले, आणि काही वर्षांनी माझी बदली लातूरला मुलींच्या शाळेत झाली. रुजू झाले त्याच दिवशी मी तिथल्या जुन्या दाईला उस्तानींबद्दल विचारलं. दाई म्हणजे शाळा झाडणारी, घंटा देणारी म्हातारी. तिला त्या चांगल्या आठवत होत्या. राज्य बदललं तसं त्या निघून गेल्या, कुणी म्हणालं हैदराबादला भावाकडं, कुणी म्हणालं आणखी लांब. पत्ता कुणाकडंच नव्हता.

"बाई भली व्हती," दाई म्हणाली. "लई कमी बोलायची. पण एक खोड व्हती. पोरी गाणं म्हनायला लागल्या की पळत येऊन खिडक्या लावून घ्यायची. उन्हाळ्यातबी. मी म्हनायची, बाई, पोरी उबून मरतील, असू द्या उघड्या. न्हाई ऐकायची."

मी विचारलं, कोणत्या वर्गाच्या खिडक्या?

तिनं मला तो वर्ग दाखवला. लाकडी दारांच्या चार खिडक्या होत्या, रस्त्याकडं उघडणाऱ्या. तिथं तेव्हा पहिलीच्या मुली बसायच्या. त्या काहीतरी घोकत होत्या, आणि मी बराच वेळ बाहेर उभी राहून ऐकत होते, काय म्हणतायत ते.