क्ष क्ष-किरणाचा

ऐका हो ऐका! समस्त शिक्षक, पालक, अंकलिपी छापणारे आणि मुळाक्षरांचे तक्ते विकणारे यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, मराठी मुळाक्षरं ‘क कमळाचा’पासून सुरू होतात ही तुमची समजूत साफ चुकीची आहे. ती सुरू होतात ‘क्ष क्ष-किरणाचा’पासून. त्यानंतर ‘र रक्तपेढीचा’, मग ‘औ औषध वाटपाचा’, आणि ‘थ’ हा थव्याचा नसून ‘थुंकू नये’चा आहे.

हा शोध कोण्या भाषापंडिताचा नाही. बोरगाव मेघेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली इस्त्रीचा गाडा लावणाऱ्या एका माणसाचा आहे. आणि मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं पहिलीकडून ‘क कमळाचा’ घोकून घेणारी बाई, त्याची साक्षीदार आहे.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, जरा आठवून पाहा. उजव्या हातात कोळशाची इस्त्री, नजर शर्टाच्या कॉलरवर, आणि डावा हात न बघता खाली जातो आणि पाण्याची बाटली पुढे करतो. खाली पोत्यावर त्याची पाच वर्षांची मुलगी बसलेली. तिला सगळे गुड्डी म्हणत.

“पे वं माय, पानी पे.”

गुड्डी एक घोट घ्यायची. शर्टाची घडी व्हायची. दुसरा शर्ट, दुसरा घोट. लग्नसराईत गाडा कपड्यांनी भरला की गुड्डी वैतागायची. “बाबा, लोकं इतले कपडे काऊन घालतात?”

गुड्डीला सिकलसेल होता. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात, आणि मग हातापायांत अशी कळ उठते की मोठा माणूसही गडबडा लोळेल. डॉक्टरांनी घरच्यांना तीन गोष्टी बजावल्या होत्या. पाणी भरपूर पाजायचं, पोरीला दमू द्यायचं नाही, आणि गारठा लागू द्यायचा नाही. थंडीत तो जुन्या धोतराचा तुकडा इस्त्रीनं गरम करून तिच्या गुडघ्यांवर ठेवायचा. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळलं.

डॉक्टरांनी कागदावर विळ्यासारखी पेशी काढून दाखवली तेव्हा गुड्डी म्हणाली, “हा तं ट हाय.” तेव्हापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगायची, “माह्या रक्तात ट हाय. तुमच्या हाय का?”

अंगणवाडीत तिला दोनदा कळ आली. तिथली ताई इतकी घाबरली की म्हणाली, “भाऊ, थोडी मोठी होऊ द्या, मग आणा.” मग त्यानं घरीच शाळा काढली. घरी म्हणजे गाड्यामागे. खडू म्हणजे इस्त्रीतले विझलेले कोळसे. फळा म्हणजे माझ्या कंपाउंडची भिंत. ऐन दिवाळीच्या तोंडावर मी भिंतीला चुना मारून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तिच्यावर हातभर ‘क्ष’!

“भाऊ, ही भिंत आहे की पाटी?”

“भितच होती मॅडम. पन मास्तरनीची भित, वाया कायले जाऊ द्याची?”

माझे मिस्टर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कारण मी हसले होते.

तो स्वतः चौथी शिकलेला. एकदा साड्या द्यायला आला तेव्हा दारातच थांबला. “मॅडम, पह्यलीत बसाले काय काय येऊन पाह्यजे?”

“काही येऊन नको. शिकवायला आम्ही आहोत ना.”

“तसं नाई. माह्या पोरीच्या सुट्या लय पडतीन. महिन्यातले आठ-दहा दिवस तं अश्याच जातीन. मंग मांगं पडन थे. म्हून पह्यलेच शिकून जाईन. ॲडव्हान्समंधी.”

त्याला एवढंच हवं होतं. येत्या जूनमध्ये पोरगी पहिलीत बसली पाहिजे, आणि सुट्या पडल्या तरी मागे पडता कामा नये. त्यासाठी तो वर्षभर आधीपासून झटत होता.

आता त्याच्या सहली. दर दुसऱ्या बुधवारी तो गाडा बंद ठेवायचा. गावाचे कपडे कडक करणारा हा माणूस एरवी चुरगळलेल्या बनियनवर असायचा. पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, बायकोच्या केसांत अबोली, गुड्डीला लाल फ्रॉक आणि स्वेटर. डब्यात पोळ्या, वांग्याची भाजी, दोन संत्री. गल्लीभर ओरडत जायचा, “चाल्लो बावा पिकनिकले!” तिघं सवारी ॲटोत बसून सेवाग्रामला मोठ्या दवाखान्यात जायचे. तपासणी व्हायची, सुई टोचली जायची, आणि नंबर येईपर्यंत व्हरांड्यात अभ्यास चालायचा. वाचायला पाट्या भरपूर. तिथेच ‘क्ष’चा शोध लागला. दुपारी झाडाखाली डबा खाऊन तिघं परत यायचे. गुड्डीला पिकनिक म्हणजे हेच वाटायचं. एकदा शेजारची पोरं झू पाहून आली तेव्हा तिनं त्यांना विचारलं होतं, “तिथी सुई कोन टोचते?”

तेव्हा मी खूप हसले होते. सगळ्यांना सांगत सुटले होते. आता सांगताना आवाज तसा लागत नाही.

डिसेंबरात तो गुड्डीला घेऊन शाळेत आला. आमचे हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. शाळेत पोरीला काही झालं तर कोणाच्या अंगावर येईल, याचाच त्यांना घोर. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. “हे वाच पाहू.”

गुड्डीनं मान वाकडी करून ‘रविवार’ पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “रक्तपेढी!”

हेडमास्तर माझ्याकडे वळले. “पाहिलं मॅडम? पोपटपंची. पाट्या पाठ आहेत, वाचता येत नाही. त्यात तब्येतीचं असं. जूनमध्ये आणा, नवीन काही वाचून दाखवलं तर बघू. नाही तर अजून एक वर्ष घरीच.”

त्याचे कान लाल झाले. पोरीला कडेवर घेऊन तो निघाला. पुढच्या सोमवारी हेडमास्तर शाळेत आले ते पँटच्या प्रत्येक पायावर दोन-दोन क्रीज घेऊन. मी गाड्यावर जाऊन इस्त्रीवाल्याला विचारलं तर म्हणाला, “काय करू मॅडम, इस्त्री फिरवता फिरवता ध्यान रविवारात गेलतं.”

इथवर मी तुम्हाला हसत हसत आणलं. इथून पुढे माझा हात आहे.

मीच म्हटलं, “भाऊ, सर एका अर्थी बरोबर आहेत. त्याच त्या पाट्या वाचून कळणार नाही. तिला कधीच न पाहिलेली पाटी दाखवा. आणि एकदा तरी खरी पिकनिक करा हो. दवाखान्याची काय पिकनिक!”

“थंडी हाय नं मॅडम.”

“दुपारी जाऊ. कडक ऊन असतं. आंजीला माझ्या नणंदेचं शेत आहे, जवळच नदी आहे. मीही येते.”

तो दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी गाड्यावरून ओरडला, “मॅडम, रविवारी!”

संक्रांत होऊन गेली होती. एसटीत गुड्डी खिडकीपाशी, स्वेटर, कानटोपी, पायमोजे. रस्त्यावरची प्रत्येक पाटी ती तोंडात घोळवायची, पण गाडी पुढे निघून जायची. शेतात हरभऱ्याचे घाटे खाल्ले, तीळगूळ खाल्ला. ऊन असं चांगलं होतं की तिची टोपी, मोजे, स्वेटर एकेक करत उतरलं. मग आम्ही धाम नदीच्या काठावर गेलो.

तिथे बाभळीला एक पत्रा ठोकलेला होता. कधीकाळी कोणीतरी लाल रंगानं काही लिहिलेलं, अर्धा रंग उडालेला. गुड्डी त्याच्यासमोर थांबली. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं. तिनं बोट उचललं.

“पा... ण्या... त. पाण्यात.”

त्यानं माझा हात घट्ट धरला. एरवी कधी धरला नसता.

“उ... त... रू. उतरू.” मग ती थबकली, आणि एकदम खिदळली. “बाबा, थे दवाखान्यातलं ‘नये’ इथीबी हाय! पाण्यात उतरू नये!”

काय सांगू तुम्हाला! तो माणूस वेडा झाला. “अजून एक बार वाच! अजून एक बार!” तिनं तीनदा वाचलं. मग त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि हेडमास्तरांच्या नावानं आरोळ्या देत सरळ नदीत शिरला. गुडघाभर पाण्यात नाचला. तिला उतरवलं, तिच्यावर पाणी उडवलं, तिनं त्याच्यावर उडवलं. लाल फ्रॉक निथळत होता.

बायको काठावरून ओरडली, “अवो, पोट्टी भिजून राह्यली नं!”

“भिजू दे वं! पह्यलीत गेली आपली पोट्टी!”

मी टाळ्या वाजवत होते. पहिलीची बाई मी. नवीन पाटी वाचणारं मूल पाहिलं की मला दुसरं काही दिसत नाही. तिनं वाचलं, एवढंच आम्ही दोघांनी ऐकलं. काय वाचलं ते एकट्या तिच्या आईनं ऐकलं.

दहा मिनिटं असतील फार तर. पुसून, स्वेटर घालून, माझ्या शालीत गुंडाळून तिला परत आणलं. एसटीत ती थरथरत होती आणि तरी खिडकीतून पाट्या वाचत होती.

मंगळवारी कळा सुरू झाल्या. मग छातीत दुखू लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी शिकस्त केली, रक्त चढवलं, नळी लावली. मी बुधवारी गेले. तो खाटेशी बसून तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होता. “पे वं माय.” पाणी ओठांच्या कडेनं ओघळत होतं. शुक्रवारी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, अमुकच एका कारणानं झालं असं नक्की सांगता येत नाही. आम्हाला नक्की माहीत होतं.

पंधरा दिवसांनी त्यानं गाडा पुन्हा लावला. मी कपडे घेऊन जाईना. घरीच इस्त्री करू लागले आणि दोन साड्या जाळल्या. मग एक दिवस तोच दारात आला. “द्या मॅडम, कपडे द्या.” मी रडायला लागले. म्हटलं, “भाऊ, मी म्हटलं म्हणून तुम्ही...” त्यानं मला पुरं बोलू दिलं नाही. “पाण्यात मी नेलं, मॅडम,” म्हणाला, आणि कपडे उचलून चालता झाला. त्याच्या बायकोनं मात्र माझ्याकडे परत कधी मान वर करून पाहिलं नाही. तिचं बरोबर होतं.

कपडे बांधून द्यायला तो पूर्वी वर्तमानपत्र वापरायचा, आणि बांधताबांधता गुड्डीला मथळे दाखवायचा. आता जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून द्यायचा. छापलेलं काही त्याच्या गाड्यावर राहिलं नाही. भिंतीवरची कोळशाची अक्षरं त्यानं पुसली नाहीत, आणि मीही चुना मारला नाही.

त्याच वर्षी पोळ्याच्या आधी तो गाडा विकून बायकोसह निघून गेला. कोणी म्हणतं चंद्रपूर, कोणी म्हणतं सासुरवाडीला. एसटीडी बूथवाल्याकडे एकदा त्याचा फोन आला होता म्हणे, पण बोलणं होण्याआधीच कटला. मला तो नंतर दिसला नाही. डोळ्यांसमोर राहिलाय तो शाळेच्या पहिल्या दिवशीचा.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस भरतात. त्या दिवशी मैदानात पताका लावल्या होत्या. नव्या मुलांना फुलं द्यायची, नावं पुकारून वर्गात बसवायचं. टेबलावरची पांढरी चादर इस्त्री करून आणायला हेडमास्तरांनी त्यालाच सांगितलं होतं. काय समजून सांगितलं, देव जाणे. तो चादर अंथरून फाटकाशी जाऊन उभा राहिला होता.

पहिलीत येणाऱ्या मुलांची यादी जानेवारीच्या सुरुवातीला मी घरोघर जाऊन केली होती. माझ्याच अक्षरात. त्यातलं एक नाव खोडायचं राहिलं होतं. राहिलं होतं असं म्हणते, पण विसरले नव्हते. पेन तीनदा उचललं होतं.

हेडमास्तर लाउडस्पीकरवरून भराभर वाचत गेले. पोरं उठत होती, फूल घेत होती. सतरावं का अठरावं नाव. त्यांनी बापाच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्यानं वाचलं. कोणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं. तेव्हा कुठे आपण काय वाचतोय ते त्यांच्या लक्षात आलं, आणि माइकवर नुसता त्यांचा श्वास ऐकू आला.

पुढच्या रांगेतून आमच्याच गल्लीतला एक पोरगा उभा राहिला आणि मदत करावी तसा म्हणाला, “सर, थे तं मेली नं!”

आणि फाटकाकडून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, तो ओरडला, “पन वाचता येत होतं तिले, सर!”